मॅनेजर आणि नवी

माझ्या वहिनीला घरात, दुकानात, गल्लीत सगळे मॅनेजर म्हणतात. हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं की तिचं खरं नाव आता तिला स्वतःला आठवतं की नाही, देव जाणे. मला ते नाव पहिल्या दिवसापासून झोंबतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला न्यायाधीश समजायला नको. मी नणंद आहे. नणंदेने भावजयीचं चित्र काढायला घेतलं की नाक थोडं वाकडं यायचंच.

आमचं दुकान दिव्यांचं. खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी जिना. भिंतीवरचे दिवे, टेबलावरचे दिवे, छताला टांगायची झुंबरं, काचेच्या शेड, वायरीची भेंडोळी. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, उभा जन्म तिथे गल्ल्यामागे काढला. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला होल्डर कुठला आणि प्लग कुठला हेही धड कळत नव्हतं. मला कळत होतं. शाळेतून आले की दप्तर गल्ल्याखाली सरकवून मी शेड पुसायला बसायची. पुढे माझं लग्न झालं, मी चार गल्ल्या पलीकडे गेले, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायला लागले, आणि माझ्या स्टुलावर ही येऊन बसली. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हे.

बरं, कामाला नावं ठेवायची सोय नाही. गिऱ्हाईक झुंबर मागायला आलं की ती आधी छताची उंची विचारते, मग घरात सगळ्यात उंच कोण ते विचारते. "उगाच त्यांचं डोकं रोज आपटणार आणि उद्धार आमचा होणार," म्हणते. विकत घ्यायला आलेल्या माणसाला ती दिवा दाखवत नाही, दिव्याखाली बसवते. "वाचून बघा," म्हणून हातात कालचा पेपर देते. हसणं मोजकं. राग आला की बोलत नाही, पुसत सुटते. ती शेगडी पुसतेय की शेड पुसतेय यापेक्षा किती जोरात पुसतेय ते बघायचं, की घरात काय चाललंय ते कळतं.

पण तिचं खरं राज्य दुकानात नव्हतं. ते होतं अण्णांच्या हाकेत.

अण्णांचे गुडघे गेल्यापासून ते वरच्या खोलीत, खिडकीशी, खुर्चीत बसून असतात. काही हवं असलं की जिन्यातून हाक यायची, "मॅनेजर!" पाणी हवं, मॅनेजर. चष्मा सापडत नाही, मॅनेजर. रस्त्यावर कसला आवाज झाला, मॅनेजर. ही हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून "आले!" म्हणत वर. खाली आली की कपाळाला हात लावून सांगायची, "एक क्षण बसू देत नाहीत हो." तक्रार म्हणे! दागिना मिरवावा तशी ती हाक मिरवायची. मी रोज कामावरून सुटले की अण्णांशेजारी जाऊन बसते. मी समोर बसलेली असताना त्यांना तहान लागली तरी हाक जिन्यातून खाली. मी उठून पाणी दिलं तर म्हणणार, "तू कशाला उठलीस? तू पाहुणी." स्वतःच्या बापाच्या घरात पाहुणी! तो पेला माझ्या हातून सांडत नसे, एवढंच.

आता आमच्या घरातला एक शब्द सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्या एका शब्दावर झालं. दिवा 'विझव' म्हणू नये, अशुभ असतं, असं जुनी माणसं मानतात. ती म्हणतात, दिवा 'वाढव'. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. बांगडी फुटत नाही, वाढते. इतर घरांत हे कधीमधी चालत असेल, पण दिव्यांच्या दुकानात 'विझला' आणि 'बंद' हे शब्द म्हणजे गल्ल्यावर दगड. त्यामुळे अण्णांना 'वाढव'ची सवय इतकी जडली की दिवाच काय, पंखा, रेडिओ, हीटर, सगळं ते वाढवतात. म्हणजे बंद करतात. आणि जास्त हवं असलं की म्हणतात, "चढव." आम्ही सगळे यातच वाढलो. वहिनीला शिकायला वेळ लागला, पण आता तीही तेच बोलते.

एकदा दुकानात गर्दी होती. हाक ऐकू आली नाही, म्हणून अण्णा दिवा लावायला स्वतःच उठले आणि कपाटाला धरत धरत खाली बसले. हाड मोडलं नाही, पण दादा घाबरला. दादा म्हणजे माझा भाऊ, वहिनीचा नवरा. तो कॉम्प्युटरवाल्या ऑफिसात आहे. दिव्यांच्या दुकानदाराचा मुलगा, पण घरात बल्ब बदलायचा तर खालून बायकोला बोलावतो. त्याने काय केलं, एक बोलका डबा आणला आणि फळीवर ठेवला. त्यात एक एआय मदतनीस होती. तिच्याशी तोंडाने बोलता येई, नाहीतर फोनवर लिहून गप्पा मारता येत. अण्णांच्या खोलीतला दिवा, पंखा, दार आणि हीटर त्याने तिच्या ताब्यात दिले. मराठी तिला चांगली यायची. बाईचा आवाज, गोड, कधी न कंटाळणारा.

अण्णांनी तिचं नाव ठेवलं 'नवी'. दुकानात कामाला कुणी आलं की काम अंगवळणी पडेपर्यंत ते त्याला नवा नाहीतर नवी म्हणायचे, त्यातलंच हे.

"नव्याचे नऊ दिवस," वहिनी म्हणाली.

नऊ दिवस गेले, महिना गेला, नवलाई काही सरेना. "नवी, दिवा लाव," म्हटलं की दिवा लागायचा. "दिवा वाढव," म्हटलं की बंद व्हायचा, एवढी जुनी मराठी तिला येत होती; पंख्याचे ते दिवसच नव्हते. "नवी, दार लाव," म्हटलं की दार बंद व्हायचं. अण्णा खूश. "बघ, दिवा लाव म्हणजे पेटव आणि दार लाव म्हणजे ओढून घे. शब्द एकच, पण हिला बरोबर कळतं. डोकं आहे हिला." हे ते कुणाला सांगत होते? मॅनेजरला! ती खाली आली आणि तिने पितळी झुंबर असं पुसलं, असं पुसलं, की ते सोन्याचं म्हणून खपलं असतं.

हाका कमी झाल्या. मग फारच कमी झाल्या. वायर मोजता मोजता वहिनी मध्येच थांबायची, मान जिन्याकडे. वर शांत. मग ती न बोलावता वर जायची.

"हाक मारलीत का, अण्णा?"

"नाही गं. सगळं आहे इथे. नवी बघते."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पोटात थंडावा पडला. इतकी वर्षं मी जी चव चाखली, ती आता हिच्या ताटात. मी मुद्दाम म्हणाले, "वहिनी, बरं झालं ना गं, तुझी जिन्याची ये-जा वाचली."

"हो ना, वन्सं," ती म्हणाली. "तुम्हालाही आता अण्णांशी बोलायला सोबत झाली."

टोला बसला. कारण खरंच, मी शेजारी बसलेली असताना अण्णा माझ्याऐवजी फळीशी बोलायला लागले होते. बाहेर गार आहे का, आज वार कोणता, पूर्वी अमुक कंपनीचे कंदील यायचे ते कुणी बंद केले. नवी सांगायची. माहीत नसेल तर 'मला नक्की माहीत नाही' असंही सांगायची. अण्णांना तेसुद्धा कौतुकाचं. "बघ, थापा मारत नाही." वहिनी तिला भवानी म्हणायची. 'ती भवानी काय म्हणते आज?' असं मला विचारायची, आणि त्या एका बाबतीत आम्हा दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं.

हीटरच्या बाबतीत मात्र दादाने एक शहाणपणा केला होता. तापणाऱ्या वस्तूला हात घालण्याआधी नवीने विचारायचं आणि 'हो' म्हटल्यावरच करायचं. अण्णांना त्याचा वैताग. "मी म्हणतो वाढव, तर ही विचारते, 'वाढवू का? नक्की वाढवू?' अरे, सांगितलं ना! मॅनेजरला कधी दोनदा सांगावं लागलं नाही." आणि मग ते जिन्यातून मॅनेजरला हाक मारायचे, ती वर जाऊन हीटर बंद करायची, आणि दिवसभर तिचा चेहरा उजळलेला.

दादाला वाटलं, अण्णांना त्रास नको. त्याने सुट्टीच्या दिवशी बसून ते विचारणं काढून टाकलं.

"राहू द्या की," वहिनी म्हणाली. "विचारलेलं बरं असतं."

"अगं, त्यांनाच नकोय ना ते."

नवीने विचारत राहावं असं वहिनीला का वाटत होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. पण मी तरी काय दिवे लावले? 'वाढव म्हटलं तर वाढवू का विचारते' हे वाक्य अण्णा आठवडाभर घोकत होते, आम्ही तिघंही ऐकत होतो, आणि तिघांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. परक्या माणसाने लगेच विचारलं असतं, म्हणजे नेमकं काय हवंय? आम्ही दिव्याच्या दुकानातली माणसं. आम्हाला वाटलं, बरोबरच तर विचारते.

नंतरच्या एका संध्याकाळी मी कामावरून सुटून दुकानात शिरले. वहिनी एका जोडप्याला टेबलावरचा दिवा दाखवत होती. मी जिन्याकडे वळणार, तेवढ्यात वरून हाक आली, "मॅनेजर!" नेहमीसारखी नाही. घसा कोरडा पडलेल्या माणसाची.

वहिनीच्या हातातली शेड खाली पडली. ती फुटली की वाढली, ते बघायला ती थांबली नाही. मी तिच्या मागे धावले. वर दार लावलेलं. दार उघडलं तर खोलीची भट्टी झालेली. अण्णा घामाने निथळत होते, चेहरा लाल, खुर्चीच्या हातावरची शाल हीटरकडच्या बाजूने काळी पडून धुरत होती. वहिनीने भिंतीतला प्लग खसकन उपसला, शाल बादलीत टाकली, खिडकी उघडली. मी अण्णांना पाणी पाजलं. या वेळी मी पाहुणी आहे असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्यात तेवढा दमच नव्हता.

"झालं काय, अण्णा?"

"नवी ऐकेना. मी म्हटलं, वाढव. ती म्हणाली, वाढवलं. मी म्हटलं, अगं वाढव ना! ती म्हणाली, अजून वाढवलं. जितकं सांगतोय तितकं..."

वहिनी भिंतीला टेकली. तिला कळलं. मलाही कळलं. पण मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आधी भीती, मग डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्याखालून वर येणारं एक हसू. तिने पदराने तोंड झाकलं, पण नणंदेचे डोळे असतात ते. तिला वाटत होतं, आता भवानीचे दिवस भरले.

दादा घरी आला, हादरला. स्वतःलाच शिव्या दिल्या. "हा डबाच काढून टाकतो," म्हणाला.

"टाका," वहिनी म्हणाली.

"टाक," मी म्हणाले. आगीत तेल ओतायचा मान मी कुणाला देत नाही.

अण्णा खुर्चीत सावरून बसले होते. "कशाला काढायचं? तिची काय चूक? नवी आहे ती. तिला आपलं बोलणं कुणी शिकवलं का? मॅनेजर, तुलाही मी शिकवलंच होतं की. तू शिकव तिला."

सवतीला आपल्या हाताने घरात घ्यायला सांगावं, तसं झालं ते.  वहिनीने खाली जाऊन फुटलेल्या काचा गोळा केल्या, जमीन पुसली, कोरडी जमीन परत पुसली. आणि मग दादाचा फोन घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. मी तिच्या खांद्यावरून बघायला वरच्या पायरीवर.

तिने लिहिलं, "आमच्या घरी काहीही वाढव म्हणजे बंद कर. जास्त हवं असेल तर चढव म्हणतात. अण्णांच्या जिवावर बेतलं होतं आज."

नवीने आधी माफी मागितली. सारवासारव केली नाही. तिने लिहिलं की हा अर्थ तिने त्या वेळी विचारायला हवा होता, एकाच माणसाने चिडून तेच पुन्हा सांगितलं तेव्हा तर नक्कीच. मग पुढे लिहिलं, "मी हा शब्द लक्षात ठेवीन. पण केवळ माझ्या लक्षात ठेवण्यावर अण्णांची सुरक्षितता सोडू नका. माझी ऐकण्यात पुन्हा चूक होऊ शकते. हीटर एका मर्यादेपुढे तापणारच नाही आणि काही वेळाने आपोआप बंद होईल, अशी सोय हीटरवरच करून घ्या. मी काहीही म्हटलं तरी ती मोडता येऊ नये. आणि हीटरला मी हात न लावणंच बरं. अण्णांनी त्याबद्दल काही सांगितलं तर मी कुणाला हाक मारायला सांगू?"

वहिनीने ते दोनदा वाचलं. "भवानी खरं बोलते," ती म्हणाली. "हाच तर तिचा दुर्गुण."

मग शेवटच्या प्रश्नावर ती थबकली. आणि एकदम तिची बोटं चालायला लागली. "मॅनेजरला."

"आणि मॅनेजर घरात नसतील तर?" नवीने विचारलं.

वहिनीने दादाचा फोन नंबर लिहिला. मी घसा खाकरला. तिने मागे वळून पाहिलं, सुस्कारा टाकला आणि खाली लिहिलं, "नाहीतर नणंद." मी कुठे, तर 'नाहीतर'मध्ये! पण लागले ना यादीला.

दादाने हीटरवर तशी सोय करून घेतली आणि नवीला दुकानातला फोनही जोडून दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात होतो. आणि दुकानातल्या फोनमधून गोड आवाज आला, "मॅनेजर, अण्णांना हीटर बंद हवा आहे. कृपया वर या."

वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. वर जाऊन हीटर बंद केला, खाली आली आणि फोन उचलून फटाफट लिहायला लागली. "तू मला हाक मारायची नाहीस. कधीच नाही. हीटरचं निघालं की अण्णांना सांग, मॅनेजरला हाक मारा. हाक तेच मारतील."

"हाक ऐकू गेली नाही तर?" नवीने विचारलं. "मागे असं झालं होतं, असं मला सांगितलेलं आहे."

"मला ऐकू येतं."

"ठीक आहे. आधी अण्णा हाक मारतील. थोड्या वेळात खोलीत कुणीच आलं नाही, तर मात्र मी फोन करीन. तेवढं मला सोडता येणार नाही."

वहिनीने दात-ओठ खाल्ले, पण 'बरं' लिहिलं. अण्णांचा जीव आणि तिचा मत्सर यांत कुणाला वर ठेवायचं एवढं तिला कळत होतं. म्हणूनच मला ती पूर्ण नावडती करता येत नाही, आणि याचाही मला राग येतो.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी होल्डर मोजत होती, मी नुकतीच येऊन टेकले होते. वर अण्णा काहीतरी पुटपुटले, नवी काहीतरी म्हणाली, आणि मग जिन्यातून स्वच्छ, खणखणीत हाक आली.

"मॅनेजर!"

ती उठली. भराभर जिना चढली. मीही मागोमाग. दाराशी पोचली आणि थांबली. दार अर्धं उघडं होतं. आत अण्णा ठीक होते, खिडकीतून रस्ता बघत होते, हीटर मंद होता, त्याची ती सोय लागलेली होती. घाई काहीच नव्हती. वहिनीने ओ दिली नाही. माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. डोळे मिटले. इतक्या दिवसांची उपाशी बाई घास तोंडात धरून थांबते, तशी ती उभी.

आत शांतता. मीही तिच्यामागे उभी राहिले. मला आत जायला कुणी अडवलेलं नव्हतं. दोन पावलं टाकून बटण दाबायचं, एवढंच काम. पण मी थांबले.

"मॅनेजर! अगं ए मॅनेजर!"

"आले!" म्हणत ती आत गेली.

मी दाराबाहेरच राहिले. पहिल्या हाकेला कुणी ओ दिली नाही, तर दुसरी माझी असेल, असं मला उगाचच वाटलं होतं.